टिटवीचा हयातीचा दाखला

रेणुकादास मुखेडकर गुरुजी ऑगस्टात वारले आणि त्यांच्याबरोबर एकशे त्र्याण्णव जातींचे पक्षीही वारले, असे लातूरच्या जैवनोंद कार्यालयाचे म्हणणे होते. तसे पत्रच आले. पत्रावर जावक क्रमांक होता, गोल शिक्का होता आणि खाली एक ओळ ठळक केलेली होती : 'वडदरी पाझर तलाव परिसरातील एकूण ११,४०२ नोंदींची स्थिती आपल्या अर्जानुसार मृत अशी अद्ययावत करण्यात आली असून, सामूहिक मृत्यूचे कारण सात दिवसांत कळवावे.'

मालविकाने पत्र दोनदा वाचले. ती नांदेडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती आणि सरकारी मराठीची तिला सवय होती. अर्ज तिचाच होता. वडिलांचे निधन झाल्याने त्यांचे खाते बंद करावे व त्यांच्या नोंदी त्यांच्याच नावे कायम ठेवाव्यात, एवढे दोन ओळींचे मागणे. सोबत मृत्यूचा दाखला जोडला होता. त्या दाखल्याच्या पंधरा प्रती काढून ती बँकेत, वीज मंडळात, गॅसवाल्याकडे एकेक देत हिंडली होती. कुठल्याच प्रतीने एवढे काम केले नव्हते.

गुरुजी लोह्याच्या शाळेत शिकवायचे. पाच मे एकोणीसशे चौऱ्याण्णवपासून रोज सकाळी ते सायकलवरून वडदरीच्या तलावावर जात, पंपघराच्या भिंतीला पाठ टेकवून उभे राहत आणि जो पक्षी आधी दिसेल तो वहीत लिहीत. एका दिवसाला एक पक्षी. मागून मोर नाचत आला तरी तो त्या दिवशीचा नव्हे. निवृत्त झाल्यावरही हे सुटले नाही. लॉकडाऊनात हवालदाराने अडवून कुठे निघालात विचारले, तेव्हा त्यांनी 'कोण भेटतंय त्यावर आहे' असे उत्तर दिल्याचे लोह्यात अजून सांगतात.

अशा एकोणतीस वह्या झाल्या. शेवटच्या तीन वर्षांत गुरुजींनी त्या सगळ्या एका बोटाने कार्यालयाच्या संकेतस्थळावर चढवल्या. शेवटची वही चढवून झाली त्या दुपारी त्यांनी मालविकाला फोन केला आणि 'निरीक्षक' या रकान्यात आपले नाव कसे दिसते ते वाचून दाखवले. "मुखेडकर, स्वल्पविराम, रेणुकादास दत्तात्रय. आडनाव आधी. तुझ्या ग्रंथालयात लेखकाचं लिहितात तसं." स्वल्पविराम त्यांनी थांबून, नीट वाचला होता.

या रोजच्या एका पक्ष्यापायी ते आयुष्यात कुठे मुक्कामाला राहिले नाहीत. नांदेडला मुलीकडे येत ते दुपारी, आणि चहाचा कप खाली ठेवला की घड्याळाकडे बघायला लागत. लोह्याची संध्याकाळची गाडी त्यांनी कधी चुकवली नाही. बायको, गोदावरीबाई, गेली त्या दिवशीसुद्धा वहीत भारद्वाज होता. मालविकाने याबद्दल त्यांना कधी शब्दाने विचारले नाही. विसरलीही नव्हती.

पत्र घेऊन ती लातूरला गेली.

विभागीय जैवनोंद कक्ष दुसऱ्या मजल्यावर होता. कक्षप्रमुख शेषेराव हे पन्नाशीचे, शांत, प्रत्येक कागद टेबलाच्या कडेशी समांतर ठेवणारे गृहस्थ होते. पलीकडे संगणकावर पुनम नावाच्या बाई बसत. सगळ्या गावांचा डेटा त्यांच्या हाताखालून जाई.

"मॅडम, पक्षी मेले असं आम्ही म्हणत न्हाई," शेषेराव म्हणाले. "सिस्टिम म्हणून राहिली."

"पण अर्ज वडिलांबद्दल होता."

"हाव. त्यांची स्थिती आम्ही मृत केली. आता रकाना एकच हाय. पहिलं दोन होते, निरीक्षकाची स्थिती येगळी, पाखराची येगळी. मानक समितीनं सांगितलं, एका नावाचे दोन रकाने चालणार न्हाईत. एकसारखेपणा पाहिजे. तवापासून दोघांत मिळून एकच."

"म्हणजे बघणारा गेला की बघितलेलं गेलं."

शेषेरावांनी हे वाक्य मनात तपासून पाहिले. "मानकाप्रमाणं, हाव," ते म्हणाले. "तुम्हाला हसू येत आसंल. पण मानक नव्हतं तवा काय व्हतं इचारा ह्यांना."

"तीनशे गावं, तीनशे तऱ्हा," पुनमताई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "एक लिवतंय साळुंकी, एक मैना, एक नुसतं पाखरू. मुरुडकडच्या एका गावानं तर जातीच्या रकान्यात 'मराठा' लिवून पाठवलं. टिटवीच्या फोटोखाली."

"त्ये आम्ही दुरुस्त केलं," शेषेराव घाईने म्हणाले. "मुद्दा आसा, की तुमच्याकडं दोन मार्ग हायती. एक, निरीक्षक बदला. तुमचं नाव टाकतो. तुम्ही हयात हाव नं?"

"आहे."

"झालं मग. एका मिनटात अकरा हजार पाखरं उठून बसत्यात."

"आणि बाबांचं नाव?"

"त्ये जाईल. एका नोंदीला निरीक्षक एकच."

मालविकाने टेबलाच्या कडेकडे पाहिले. सगळे कागद सरळ होते. "दुसरा मार्ग सांगा."

"हयातीचा दाखला. तुमच्या वडिलांचा मिळत आसला तर सगळ्यात सोपं. नोव्हेंबरच चालू हाय, पेन्शनवाल्यांचे फॉर्म सगळीकडं मिळून राहिले." बोलून झाल्यावर त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिले, आणि आपल्यासमोरचा पाण्याचा ग्लास हळूच तिच्याकडे सरकवला. "न्हाईतर पाखरांचे आणा. जातीमागं एक. ग्रामसेवकाच्या सहीनं."

"एकशे त्र्याण्णव पक्ष्यांचे हयातीचे दाखले."

"तीस तारखेच्या आत. तीसला डेटा वर जातो. एकदा वर गेला की मेले ते मेले, आमच्या हातात काही राहत न्हाई."

आता कोणीतरी हसेल म्हणून ती थांबली. कोणी हसले नाही. पुनमताईंनी निवृत्तिवेतनधारकांचा कोरा फॉर्म यंत्रात घातला होता आणि प्रती निघायला लागल्या होत्या.

गठ्ठा हातात देताना त्या जिन्यापर्यंत आल्या. "ताई, एक सांगू का. अंतराच्या रकान्यात लोकं काय बी लिवत्यात. 'जरा पुढं', 'नेहमीच्या जागी', 'पाटलाच्या शेताकडं'. तुमच्या वडलांनी समद्या नोंदींत हाक लिवलीय. दीड हाक, पाऊण हाक. सोबत तक्ता बी पाठवलाय, एक हाक म्हणजे किती पावलं. तीनशे गावांत सारखं माप एवढं एकच हाय. मी त्ये मीटरमधी केलं न्हाई. साहेबांना म्हाईत न्हाई."

तो तक्ता मालविकाने पाहिलेला होता. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर गुरुजींच्या अक्षरात होता : '१ हाक = २१० पावले. साखराबाईची. पडसे नसताना. पडसे असल्यास १६०.' साखराबाई तलावाकाठी शेळ्या राखायच्या, आणि त्यांनी शेळीला मारलेली हाक जिथवर ऐकू जाते ते अंतर गुरुजींनी चालून मोजले होते. दर पाच वर्षांनी ते पुन्हा मोजत. १९९९ : २०८. २००४ : २०१. २००९ : १९२. २०१४ : १८४. माप म्हातारे होत होते, तसा त्याचा हिशेब नवा होत होता, आणि म्हणून चौऱ्याण्णव सालचा दीड हाकेवरचा खंड्या आजही नेमका कुठे बसला होता ते कोणालाही सांगता येत होते.

रजा टाकून ती वडदरीला गेली.

ग्रामसेवकाचे नाव भागवत. त्याने फॉर्म उलटसुलट वाचला, डोके खाजवले, आणि तिला वाटले होते त्याच्या उलट, काम अंगावर घेतले.

"पण एक सांगतो ताई. समक्ष पाहिल्याबिगर सही न्हाई. गेल्या साली एका म्हाताऱ्याचा दाखला घरून पोरानं नेला, आन म्हातारा आदल्या दिशीच गेलेला. माझी बदली व्हता व्हता राहिली. तवापून माझा नियम हाय. टिटवी असू नाहीतर तहसीलदार, समोर पाहिजे."

पंपघराशी साखराबाई बसलेल्याच होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, पायाशी चार शेळ्या. त्यांनी मालविकाच्या तोंडावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटे मोडली. भागवतने कामाचे स्वरूप सांगितले तेव्हा त्यांनी पदर सावरला.

"पाखरांची पेन्शन निघाली व्हय?"

"पेन्शन न्हाई, मावशे. नुसता दाखला."

"मंग काय कामाचा," म्हणून त्या साक्षीदार व्हायला तयार झाल्या.

पहिली टिटवीच आली. तलावाच्या काठच्या चिखलात चार पावले टाकून उभी राहिली आणि तिघांना शिव्या दिल्यासारखी ओरडली. भागवतने गुडघ्यावर पाटी धरून लिहायला घेतले. नाव, टिटवी. राहणार, वडदरी, पाझर तलाव, उत्तर बाजू. "वय?"

"सज्ञान लिव," साखराबाई म्हणाल्या.

"सही न येत असल्यास डाव्या अंगठ्याचा ठसा," भागवतने वाचले आणि तो टिटवीकडे बघत राहिला. टिटवी उडाली. तिचे ठसे चिखलात राहिले होते. भागवतने वाकून कागद ठशावर दाबला, उचलला, झाडला. टिटवीचा अंगठा नावापुरताच असतो, त्यामुळे ठशात तीन बोटे आली. "अंगठा मागल्या बाजूला, दिसत न्हाई," असा शेरा त्याने स्वतःहून मारला. मग सही. मग, घड्याळात बघून, तारीख आणि वेळ.

"वेळ कशाला?" मालविकाने विचारले.

"आता हाय ती. मी सही केल्यावर ससाण्यानं उचलली तर? दाखला त्या टायमापुरता आसतो, ताई. उद्याचं मी कसं सांगू."

चार दिवस हे चालले. ज्या भागवतने दहा वर्षांत तलावाकडे मान वर करून पाहिले नव्हते, तो तिसऱ्या दिवशी धोबी आणि पिवळा धोबी वेगळे करू लागला. पाणकावळ्याने ठसा देण्याची टाळाटाळ केली तेव्हा त्याला दुपारी पुन्हा बोलावण्यात आले, म्हणजे तिघे दुपारी पुन्हा गेले. वेडे राघू तारेवर बसून राहिले, खाली उतरेनात. त्यांच्या दाखल्यावर 'ठसा देण्यास नकार, परंतु प्रकृती उत्तम' असे लिहिले. गावातली दोन माणसे आपलेही दाखले घेऊन आली, रांग चालूच आहे म्हणून. भागवतने तीही कामे उरकली आणि एक दाखला चुकून पक्ष्यांच्या गठ्ठ्यात गेला, तो काढायला अर्धा तास लागला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी सत्तेचाळीस दाखले झाले होते. यादीत पुढचे नाव पावश्याचे होते.

"गैरहजर," भागवत म्हणाला.

"तो आता कुठून यील?" साखराबाई म्हणाल्या. "पावश्या मिरगाच्या आधी बोंबलतो. कार्तिकात न्हाई."

"मावशे, मला समक्ष पाहिजे."

"आरं मग मिरगात आलता तवा दाखला द्यायचास की. गुरुजीनं बघितला नव्हं त्याला. तवा व्हता त्यो. आता न्हाई म्हून तवा न्हाई का?"

चातक गैरहजर होता. नवरंग गैरहजर होता. यादी संपेपर्यंत एकशे सेहेचाळीस गैरहजर निघाले. भागवतने टोपण लावून पेन खिशात ठेवला. मालविका पंपघराच्या भिंतीपाशी उभी होती. भिंतीवर खांद्याच्या उंचीला चुना घासून गेला होता, माणसाच्या पाठीएवढी जागा गुळगुळीत झाली होती. तिने तिथे पाठ टेकवली नाही. हातातला टिटवीचा दाखला ती पुन्हा वाचत होती, खालची ओळ : दिनांक, वेळ.

दुसऱ्या दिवशी ती लातूरला कक्ष उघडायच्या आधीच जिन्यात होती.

"सत्तेचाळीस," शेषेरावांनी दाखले मोजून, कडा जुळवून ठेवले. ठशांकडे ते जरा जास्त वेळ बघत राहिले. "काम चोख हाय. पण बाकीचे?"

"बाकीचे त्या वेळी हजर होते. आता नाहीत. तुमच्या ग्रामसेवकाने प्रत्येक दाखल्यावर तारीख टाकलीय. तुमच्या रकान्यात 'मृत' लिहिलंय, ते कुठल्या तारखेला?"

"आजच्या," पुनमताई म्हणाल्या. "सिस्टिम आजची तारीख धरती."

"आमच्याकडे तीनशे वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाचंही पुस्तक आहे. त्याच्या नावापुढं दोन्ही साल लिहितात आणि पुस्तक कपाटात राहतं. स्थितीला तारीख नाही का तुमच्या मानकात?"

पुनमताईंनी कळफलकावर दोन बटणे दाबली.

"हाय की," पुनमताई म्हणाल्या. "स्थिती दिनांक. कलम एकवीस. कुणीच भरत न्हाई म्हून रकाना लपवून ठेवलाय."

शेषेरावांनी मानकाची पुस्तिका काढली, एकविसावे कलम बोट ठेवून वाचले आणि पुस्तिका पुन्हा जागेवर सरळ ठेवली. "मानकात हाय म्हणल्यावर भरायलाच पाहिजे," ते जरा दुखावल्यासारखे म्हणाले. "इतके दिस भरला कसा न्हाई?"

पुनमताईंनी लपवलेला रकाना उघडला. तो वरपासून खालपर्यंत रिकामा होता. त्यांनी पहिल्या ओळीत नोंदीचीच तारीख टाकली, पाच मे चौऱ्याण्णव, पुढे स्थिती लिहिली, जिवंत, आणि तो चौकोन धरून खाली ओढला. मालविकाला वाटले होते की एकेक दिवस भरावा लागेल. तिने त्यासाठी चष्मा आणि डबा आणला होता. वर्षे पडद्यावरून भराभर वर जात होती आणि लाल ओळी हिरव्या होत होत्या. चौऱ्याण्णव, सत्त्याण्णव, दोन हजार, चार. त्या त्या दिवशी टिटवी होती, होला होता, आणि भिंतीला टेकून ते होते.

पाच हजार तीनशे अडुसष्टाव्या ओळीवर हिरवे थांबले. त्याखाली सगळे लालच राहिले.

"खंड हाय," पुनमताई म्हणाल्या. "तेरा जानेवारी दोन हजार नऊनंतर एकदम सव्वीस. मधे बारा दिस नोंद न्हाई."

"कलम बावीस," शेषेराव म्हणाले. त्यांनी पुस्तिका पाहिली नाही, हे कलम त्यांना पाठ होते. "दहा दिवसांहून जास्त खंड पडला, तर निरीक्षकाची स्थिती तिथून पुढं मृत धरावी. आसं कितींदा झालंय?"

पुनमताईंनी खालपर्यंत पाहिले. बराच वेळ पाहिले. "एकदाच. एकतीस वर्षांत दुसरा एक दिस बी खाडा न्हाई."

"मग बारा दिवस गुरुजी होते कुठं?"

मालविकाला जानेवारी दोन हजार नऊ ठाऊक होता. नोकरीचे पहिले वर्ष, कावीळ पोटात गेलेली, नांदेडचा दवाखाना. चौदाला भरती, पंचविसाला घरी. त्या दिवसांतले तिला तुकडे आठवत होते : सलाइनची नळी, आईचा हात, आणि ग्लानीतून वर आल्यावर विचारले की आईचे एकच उत्तर, "बाबा आहेत बाहेर." तिने ते ऐकले होते आणि धरून चालली होती की दुपारच्या गाडीने आले असतील, संध्याकाळच्या गाडीने जातील. सोळा वर्षे तिने तसेच धरले होते. त्या तारखा वह्यांमध्ये बघाव्यात असे कधी मनात आले नाही.

तिने टेबलावरच्या ग्लासातले पाणी पिऊन टाकले.

"ते नांदेडला होते," ती म्हणाली. "मुक्कामी. माझ्यासमोर."

"पुरावा?"

"मी."

"मॅडम, मधे एक तरी नोंद लागंल. तुमच्या सांगण्यावर मी काय करणार? तुम्ही पक्षी न्हाई."

"कलम तीन, साहेब," पुनमताई म्हणाल्या. "मानकात पक्षी कुठंच लिवलेलं न्हाई. सजीव लिवलंय."

शेषेरावांनी या वेळी पुस्तिका उघडली. तिसरे कलम त्यांनी दोनदा वाचले. मग खुर्ची ओढून पुनमताईंच्या शेजारी बसले आणि स्वतः सांगू लागले. "घ्या. नवीन नोंद. निरीक्षक?"

"मुखेडकर, रेणुकादास दत्तात्रय," मालविकाने सांगितले. "मध्ये स्वल्पविराम."

"तारीख?"

"वीस जानेवारी दोन हजार नऊ."

"जात?" यादी खाली सरकत गेली; माळमुनिया, माळढोक, माळटिटवी यांच्या खाली मानव होता. "संख्या, एक. ठिकाण, नांदेड. स्थिती?"

पुनमताई उत्तरासाठी थांबल्या नाहीत. त्यांनी मालविकाकडे एकदा पाहिले आणि 'जिवंत' लिहिले.

"अंतर?"

दवाखान्यातल्या खोलीबाहेर बाक होता. दाराला वरच्या अर्ध्या भागात काच होती. ते बाकावर होते, काचेशी होते, की खाटेजवळच्या स्टुलावर, हे सांगू शकणारी आई आता नव्हती. मोजून देता येईल असे तिच्याजवळ काहीच नव्हते.

"शून्य," ती म्हणाली.

"मीटर का..." पुनमताई थांबल्या.

"हाक."

शेषेरावांनी मान वर केली, पुनमताईंकडे पाहिले, पडद्याकडे पाहिले, आणि हातातली पुस्तिका मिटली. पुनमताईंनी बटण दाबले. पाच हजार तीनशे एकोणसत्तरपासून खालपर्यंत हिरवे होत गेले. भारद्वाज हिरवा झाला. तीन ऑगस्टची शेवटची ओळही झाली, धनेश, एक, अर्धी हाक. एकूण नोंदी, अकरा हजार चारशे तीन.

"झालं," मालविका म्हणाली आणि पिशवी उचलली.

"थांबा. जात एक वाढली." शेषेरावांनी गठ्ठ्यातून कोरा फॉर्म काढला. "एकशे चौऱ्याण्णवावी. समक्ष हायच तुम्ही, मीच सही करतो." त्यांनी नाव, पत्ता लिहिला, तारीख टाकली, वेळ टाकली, आणि कागद तिच्यापुढे केला. तिने पेन मागितला.

"पेन न्हाई," ते म्हणाले, आणि शाईचे पॅड उघडून पुढे सरकवले. "बाकीच्यांचे ठसे हायती. एकसारखं पाहिजे."

तिने डावा अंगठा शाईवर दाबला आणि मग कागदावर. शेषेरावांनी तो उचलून फुंकर मारली, वाळू दिला आणि टिटवीच्या दाखल्यावर, कडेला कड जुळवून ठेवला.